मदत हवी आहे: मुलांना चोर आधीच कळतो, प्राण्यांची रहस्यकथा अडली आहे

कवडसा (मंगळवार, रात्री)
मी सोसायटीतल्या मुलांना दर शनिवारी गोष्ट सांगते. सध्या प्राण्यांची रहस्यकथा क्रमशः चालू आहे. नायक मुंगूस, मदतनीस टिटवी. गावातल्या एका घरातून फणसपोळ्या रोज थोड्या थोड्या नाहीशा होतात. दोनच भाग झालेत आणि दुसऱ्या भागाच्या मध्यावरच मुलांनी चोराचं नाव घेतलं. सगळ्यांनी, एका सुरात. शनिवारी तिसरा भाग आहे आणि सांगायला काही उरलेलं नाही. संशयित कसे वाढवायचे? "भरपूर वाचा" हे कृपया नको, वाचते मी. लवकर सांगा.

माजघर
मुलं किती वर्षांची? पाच वर्षांच्या मुलाला चोर आधी कळला तर ते खूश होतं, दहा वर्षांचं उठून खेळायला जातं.

निवृत्त_मास्तर
मी सदतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. गोष्टीतून मुलांनी काय घ्यायचं ते आधी ठरवा. बोध पक्का झाला की पात्रं आपोआप सुचतात.

पेन्सिल
मास्तर, मनापासून असहमत. बोध आधी ठरला की वाईट कोण तेही आधीच ठरतं, आणि मुलांना ते पहिल्या वाक्यात कळतं.
कवडसाताई, प्राणी कपडे घालतात का? त्यांचं बोलणं माणसांना कळतं का? मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, मला पेन्सिल उचलायच्या आधी हे ठरवावं लागतं. मुंगसाला कोट आणि चष्मा चढवला की तो मुंगूस राहत नाही, बुटका माणूस होतो. मग बिळात शिरणं, दोन पायांवर उभं राहून टेहळणी करणं, सगळं हातातून जातं.

कवडसा
सात ते दहा वर्षं, बारा मुलं. कपडे नाहीत. प्राणी आपसात बोलतात, माणसांना कळत नाही. गाव असंच, कुठलंही. आता संशयितांचं सांगा ना.

पिंपळपान
पुस्तक काढणार असाल तर रंगीत छपाईचा खर्च आधी विचारून घ्या. मी कवितांच्या पुस्तकाच्या वेळी नंतर विचारला, तेव्हा अर्धी चित्रं गाळावी लागली.

कवडसा
पुस्तक नाही हो. गोष्ट आहे, शनिवारची.

रानवाट
"गाव असंच" हीच अडचण आहे. फणसपोळी आहे म्हणजे कोकण आणि मे महिना. मग एक कागद घ्या आणि वाडी काढा: कौलारू घर, अंगण, पडवी, माळा, विहीर, फणस, माड, गडग्यापलीकडे कातळाचा सडा. आता प्राणी ज्याच्या त्याच्या जागी बसवा. टिटवी उघड्यावर, खडीतच अंडी घालते आणि मे महिन्यात ती अंड्यांवर असणार. ती मुंगसाबरोबर हिंडणार कशी? तिला सड्यावरच ठेवा. रात्रीसुद्धा कुणी जवळून गेलं तरी ती ओरडते, म्हणजे चोर कोणत्या वाटेने आला नाही ते तिच्याकडून कळेल.
मुंगूस दिवसाचा प्राणी, रात्री बिळात असतो. चोरी रात्री करवा. मग त्याने स्वतः काहीच पाहिलेलं नसेल, दुसऱ्यांच्या साक्षींवर चालावं लागेल. आणि प्रत्येकाची साक्ष त्याच्या त्याच्या इंद्रियांपुरती. कुत्र्याला वास पक्का येतो, पण लाल आणि हिरवा त्याला वेगळा ओळखू येत नाही. तो रंग सांगेल आणि चुकेल, खोटं न बोलता. सगळ्यात चांगला साक्षीदार उंदीर, तो रात्रभर घरात असतो. पण मुंगूस उंदीर खातो! मग तो बिळाच्या आतूनच बोलेल, मुंगसाने वीस पावलं लांब बसायचं, आणि मधे निरोप्या म्हणून बेडूक.
सगळे प्राणी एकमेकांचे मित्र दाखवलेत तर ही मजा जाते.

माजघर
बेडूकही मुंगूस खातो.

रानवाट
खरं आहे. मग मैना ठेवा, उडून तरी जाईल.

सोनचाफा
फणसपोळी बरक्या फणसाचीच बरं का, काप्याची होत नाही. गरे घोटून रस काढायचा, ताटाला तुपाचा हात लावून पातळ पसरायचा, कडक ऊन द्यायचं. आणि रात्री ताटं बाहेर राहतच नाहीत. आमची आजी दिवेलागणीच्या आत सगळी ताटं आत घ्यायची, माळ्यावर रचायची, वर पातळ धोतराचं फडकं. अंगणातून रात्री चोरी होऊच शकत नाही.

निवृत्त_मास्तर
पाककृतीचा वेगळा धागा काढावा.

रानवाट
मास्तर, थांबा. सोनचाफाताईंनी मोठी गोष्ट दिली आहे. ताटं आत, दारं बंद, कडी आतून, तरी पोळ्या कमी होतात. म्हणजे चोर बाहेरून आलाच नाही किंवा दारातून आला नाही. कवडसाताई, तुमचा चोर कोण आहे? इतक्या प्रतिसादांत ते तुम्ही सांगितलंच नाहीत.

कवडसा
कोल्हा. त्याने काय फरक पडतो?

पेन्सिल
ताई, सगळा फरक त्यानेच पडतो! लुच्चा म्हटलं की कोल्हा हे मुलांना दात यायच्या आधीपासून ठाऊक असतं. तुम्ही नाव उच्चारलंत तिथेच गोष्ट संपली. कोल्ह्याला काढू नका, पहिला संशय त्याच्यावरच येऊ द्या आणि तो निर्दोष निघू द्या. लालसर, झुबकेदार शेपटीचा, टोकदार कानांचा...

रानवाट
ती इंग्रजी पुस्तकातली लाल खोकड, म्हणजे फॉक्स. आपला कोल्हा मातकट, काळपट पाठीचा, कुत्र्याच्या जवळचा. आपल्याकडची खोकड वेगळी, लहान, काळ्या टोकाच्या शेपटीची. मराठी पुस्तकांत कोल्हा म्हणून लाल खोकड छापतात याचा मला फार त्रास होतो. मुलं पुढे रानात खरा कोल्हा बघतात आणि त्याला कुत्रा म्हणतात.

पेन्सिल
मान्य. मीही तसाच काढत आले आहे. पुढच्या वेळी फोटो बघून काढीन.

निवृत्त_मास्तर
चोर म्हणून शेकरू का नको? आपला राज्यप्राणी, मुलांना माहितीही मिळेल. भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ साली झालं ते मुख्यतः त्याच्यासाठीच.

रानवाट
शेकरू रात्री झोपतं, म्हणून चोर नाही. पण संशयित उत्तम. एकच शेकरू झाडांवर अनेक घरटी बांधतं. "इतकी घरं कशाला हवीत, माल लपवायला?" असा प्रश्न मुंगसाला पडू दे. दुसरा संशयित साळिंदर. त्याच्या बिळापाशी कुरतडलेली हाडं सापडतात, मुलं घाबरतील. खरं तर तो कंद-मुळं खाणारा, हाडं दात झिजवायला आणि क्षारांसाठी.
चोर माझ्या मते उदमांजर. ते माळ्यावरच राहतं, फांदीवरून कौलांवर येतं, गोड फळांवर जीव. आणि दोन पुरावे असे देतं की दुसरा कुणी देऊच शकत नाही. कौलांवर विष्ठेत अख्ख्या बियांचा ढीग. आणि वास! उदमांजर वावरतं तिथे बासमती शिजत असल्यासारखा वास येतो. मध्यरात्री चूल विझलेली, घर झोपलेलं आणि माळ्यावरून भाताचा घमघमाट. हा पुरावा पहिल्याच भागात, उजेडात ठेवा. घरातल्यांना वाटू दे शेजारी लग्न आहे.

माजघर
उदमांजर म्हणजे पाण्यातलं ना?

रानवाट
ते पाणमांजर. हे झाडांवर चढणारं. काही भागांत याला कांडेचोर म्हणतात.

सोनचाफा
मग गोष्टीत कांडेचोर म्हणू नका, नावातच चोर आहे!

कवडसा
पण पहिले दोन भाग सांगून झालेत. वास आता कुठून आणू? आणि ताटं मी अंगणातच ठेवली आहेत.

माजघर
मुलांना सरळ सांगा, माझं चुकलं होतं, ताटं रात्री आत घेतात. माझा नातू अशा वेळी उलट जवळ सरकून बसतो. आणि वासासाठी कुत्र्याला परत साक्षीला बोलवा. "पहिल्या दिवशी मला भाताचा वास आला होता, पण तुम्ही फक्त रंग विचारलात."

पेन्सिल
माजघर, हे फार सुंदर आहे.

कवडसा (रविवार, सकाळी)
काल झालं. ताटांची चूक आधी कबूल केली, कुणी काही बोललं नाही. वाडीचा नकाशा फरशीवर खडूने काढला होता, तर मुलं त्यातच जाऊन बसली. एक मुलगा विहिरीत. कोल्हा निर्दोष म्हटल्यावर दोघांना राग आला, त्यांचा अजूनही त्याच्यावरच संशय आहे. साळिंदराच्या हाडांपाशी सगळे गप्प झाले. मग कुत्र्याची साक्ष आली, भाताचा वास. मी तिथेच थांबणार होते. मागे बसलेली एक मुलगी, जी दोन्ही शनिवारी एक अक्षर बोलली नव्हती, हळूच म्हणाली, "आमच्या आजीच्या माळ्यावर येतो असा वास." मी तिला म्हटलं, पुढच्या शनिवारपर्यंत कुणाला सांगू नकोस. तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि घरी जाईपर्यंत काढले नाहीत.
रानवाट, उदमांजर पकडल्यावर मुंगसाने त्याचं करायचं काय? तेवढं अजून सुचलेलं नाही.

सोनचाफा
काही करू नका. आमच्या आजीने एक ताट त्याच्यासाठी कौलाखाली वेगळं ठेवायला सुरुवात केली होती.