ऑटिस्टिक मुलांचे आईबाबा, तोल कसा सापडला? अनुभव लिहा

परवा एका आईशी बोलत होते, मुलाचं निदान होऊन तिला तीनच आठवडे झालेत. ती म्हणाली, ताई तुम्ही इतक्या शांत कशा हो? मला नीट उत्तरच देता आलं नाही, कारण शांत व्हायला मला चार-पाच वर्षं लागली आणि त्यातलं बरंच काही मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. म्हणून हा धागा. आईबाबा, आजीआजोबा, कुणीही लिहा. तोल कसा सापडला, कुठे गेला, अजून सापडला नसेल तर तेही लिहा. फक्त सल्ले नकोत, घडलेलं सांगा.

माझ्यापासून सुरुवात करते. मुलगा आता अकरा वर्षांचा आहे, निदान झालं तेव्हा तीनचा होता. नंतरची काही वर्षं मी त्याची आई कमी आणि थेरपिस्ट जास्त होते. सकाळी ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, दुपारी स्पीच थेरपी, घरी आल्यावर होम प्रोग्रॅमची वही. तो गाडी उलटी करून चाक फिरवत बसला की मी लगेच सुरू, लाल गाडी, म्हण लाल, बघ माझ्याकडे, म्हण लाल. एक दिवस त्याने माझा हात धरला, उचलला आणि माझ्याच तोंडावर ठेवला. त्याला तेव्हा एक शब्द येत नव्हता पण याहून स्पष्ट कुणी काय बोलणार! मी गप्प बसले आणि त्याच्यासारखीच जमिनीवर गाल टेकवून आडवी पडले. चाक जोरात फिरलं की आरे एकमेकांत मिसळून एक चकती होते, स्पीड उतरला की परत एकेक आरा सुटा दिसायला लागतो. तो त्या सुटण्याची वाट बघायचा, ते क्षण आले की त्याची बोटं हलायची. इतके महिने मी त्या चाकाकडे बघितलंच नव्हतं, मी फक्त त्याच्या तोंडाकडे बघत होते, शब्द कधी येतो म्हणून.

थेरपी बंद नाही केली, तिचा उपयोग होतोच. पण रोज अर्धा तास काहीही न शिकवता त्याच्या शेजारी बसायचं हे तेव्हापासून पाळते.

*

बाबालोक फारसे लिहीत नाहीत म्हणून मी लिहितो. मुलगी दोन वर्षांची असताना डॉक्टरांनी एम-चॅटची, म्हणजे लहान मुलात ऑटिझमची शक्यता आहे का ते बघायची, प्रश्नावली दिली, वीस साधे हो-नाही प्रश्न. पहिलाच असा की तुम्ही खोलीत लांबच्या वस्तूकडे बोट दाखवलं तर मूल तिकडे बघतं का. मी तिथेच अडकलो. घरी येऊन पंख्याकडे, खिडकीकडे, घड्याळाकडे बोट दाखवत बसलो, ती माझ्या बोटाकडेसुद्धा बघेना.

नंतर मी कारण शोधायला लागलो. रात्र रात्र मोबाईल. लस, स्क्रीन, औषधं, सगळं वाचून काढलं. लसीमुळे ऑटिझम होतो ही भीती ज्या पेपरवरून पसरली तो १९९८ चा पेपर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आणि एके रात्री मी बायकोला म्हणालो, तू प्रेग्नन्सीत एवढं काम केलं नसतंस तर. ती मुलीचे कपडे घडी करत होती. काही बोलली नाही, फक्त एक फ्रॉक तीनदा उलगडून परत त्याची घडी घातली. ते मी विसरू शकत नाही.

खूप उशिरा कळलं की आईला दोष द्यायची ही खोड जुनी आहे. एके काळी मोठमोठे तज्ज्ञसुद्धा आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं असं मानायचे, १९७७ मध्ये जुळ्यांचा अभ्यास आला तेव्हा ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे दिसायला लागलं. हे वाचलं त्या दिवशी बायकोची माफी मागितली. ती म्हणाली, मला अभ्यास नको होता, तू हवा होतास. तेव्हापासून शनिवारचा सबंध दिवस मुलगी माझ्याकडे, आणि बायकोला फोन करून काहीही विचारायचं नाही, अगदी रुमाल कुठेय हेसुद्धा नाही.

*

थोडक्यात लिहिते, तो आत्ताच झोपलाय. आमच्याकडे तोल वगैरे सगळं झोपेवर आहे. आम्ही रात्री वाटून घेतल्यात, एक तुझी एक माझी. ज्याची सुट्टी त्याने दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं, रडण्याचा आवाज आला तरी उठायचं नाही. पहिले पंधरा दिवस जड गेले. आता निदान एकमेकांवर ओरडत तरी नाही.

*

मी आजी आहे, नातू सात वर्षांचा. सुरुवातीला मी मुलीला म्हणायचे, लाड फार झालेत, एकदा रागव म्हणजे ताळ्यावर येईल. एकदा तो माझ्याकडे होता आणि मी मिक्सर लावला. त्याने कान दाबले आणि जमिनीवर पडून डोकं आपटायला लागला. मी मिक्सर बंद केला तरी थांबेना. मी पाच मुलं वाढवलीत बाळांनो, हट्ट करणारं मूल मधूनच एक डोळा उघडून बघतं, आपल्याकडे कुणाचं लक्ष आहे का. हा कुणाकडेच बघत नव्हता. तेव्हा मला कळलं की हा हट्ट नव्हेच, याला खरंच सोसत नाहीये. मुलगी मेल्टडाऊन म्हणते ते हेच. मग काही न बोलता दिवा मालवला, उशी डोक्याखाली सरकवली आणि लांब बसून राहिले. वीस मिनिटांनी तो स्वतःच येऊन माझ्या पायाला पाठ लावून बसला.

आता दर बुधवारी संध्याकाळी तो माझ्याकडे असतो, मुलगी आणि जावई फिरायला जातात. मिक्सर लावायचा असला तर मी आधी त्याला चित्र दाखवते, तो स्वतः कानावर हेडफोन चढवतो आणि मला हाताने खूण करतो, लाव.

*

वरच्या आजी, तुमचं वाचून रडले मी.

माझी मुलगी नऊ वर्षांची, बोलत नाही. टॅबवर चित्रं दाबून बोलायचं अ‍ॅप वापरते. मीच दोन वर्षं ते टाळलं, वाटायचं एकदा याची सवय लागली की ही कधीच बोलणार नाही. तसं होत नाही, अशा साधनांनी बोलणं अडत नाही, हे स्पीच थेरपिस्ट परत परत सांगत होती. शेवटी आणलं. मनात होतं की पहिला शब्द आई असेल. एक दिवस मी तिचे केस विंचरत होते आणि तिने टॅब ओढून दाबलं, थांब. मी म्हटलं झालंच हं राणी. परत थांब. थांब थांब थांब. माझा कंगवा हातात तसाच राहिला. नऊ वर्षं ही हेच सांगत असणार, मान ओढून, चावून, आणि मी त्याला बिहेव्हियर म्हणत होते. आता थांब म्हटलं की घरात सगळ्यांनी थांबायचंच, मग कुठे जायला उशीर झाला तरी चालेल. चावणं जवळजवळ बंद झालंय.

*

मी बाबा आहे आणि स्वतः ऑटिस्टिक आहे. मुलाच्या निदानाच्या वेळी प्रश्नांची उत्तरं देताना लक्षात आलं की मी माझ्याच लहानपणाबद्दल बोलतोय, मग माझंही निदान झालं, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. एकच सांगतो. डोळ्यात बघ, डोळ्यात बघ म्हणून आग्रह नका करू. डोळ्यात बघायचं म्हटलं की मला समोरचा काय बोलतोय ते ऐकूच येत नाही, सगळी ताकद बघण्यात जाते. डेमियन मिल्टन म्हणून एक संशोधक आहेत, ते स्वतःही ऑटिस्टिक आहेत, त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की ही न समजण्याची अडचण दोन्हीकडून असते, आम्हाला तुम्ही कळत नाही तसे तुम्हालाही आम्ही कळत नाही. माझा मुलगा आणि मी खिडकीकडे तोंड करून शेजारी शेजारी बसतो आणि तासभर बोलतो.

*

माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे आणि माझ्यापेक्षा उंच आहे. स्वतःचा हात चावतो, घट्टा पडलाय तिथे. कुणी देवाची देणगी वगैरे म्हटलं की मला त्रास होतो, माफ करा. तो मला जिवापेक्षा प्रिय आहे आणि मी थकलोय, दोन्ही खरं आहे. आमच्यानंतर याचं कोण, हा प्रश्न रोज पहाटे असतो.

त्याच्यावर एवढंच केलंय की एक वही लिहायला घेतली. त्याला पाणी हवं असलं की तो कोपर धरतो. आंघोळीचं पाणी आधी पायावर घ्यायचं, डोक्यावर एकदम नाही. हात चावायला लागला की हात ओढायचा नाही, रबरी नळी त्याच्या मुठीत द्यायची. चाळीस पानं झालीत. गेल्या महिन्यात धाकट्या भावाने सगळी वाचली आणि विचारलं, दादा, तो हसतो कशाला ते कुठंय? ते मी लिहिलंच नव्हतं. आता रोज एक लिहितो. कालचं असं: पडदा वाऱ्याने फुगून परत खाली बसतो तेव्हा.