कोबुर्गच्या सोयरिकी: मुत्सद्देगिरी की लेकींचा बळी?

वाटसरू (धागाकर्ता): जर्मन राजघराण्यांच्या युरोपभरच्या सोयरिकींना लोक ‘लग्नांचा बाजार’ म्हणतात. मला हे अन्यायाचं वाटतं. साक्स-कोबुर्गचंच पाहा. नकाशात शोधावं लागेल एवढंसं संस्थान. तरी तिथला लिओपोल्ड १८३१ मध्ये बेल्जियमचा राजा झाला. त्याचा एक पुतण्या फर्डिनांड १८३६ मध्ये पोर्तुगालच्या राणीचा नवरा झाला आणि दुसरा, आल्बर्ट, १८४० मध्ये लिओपोल्डच्याच भाचीचा, म्हणजे इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचा. ज्याच्याकडे मोठी फौज नाही त्याने टिकायचं कसं? याला मी मुत्सद्देगिरीच म्हणेन.

सायली_क: असहमत. याच लिओपोल्डची बहीण युलियाने यात कुठे आहे? १७९६ मध्ये, चौदाव्या वर्षी, तिला रशियाचा राजपुत्र कॉन्स्टंटिन याला दिली. धर्म बदलला, नावही बदलून आना फ्योदोरोव्हना केलं. नवरा छळायचा. १८०१ मध्ये ती रशिया सोडून आली ती परत गेलीच नाही, आणि घटस्फोट मिळायला १८२० उजाडलं. मुत्सद्देगिरी वडीलधाऱ्यांची, भोगलं पोरीने.

वाटसरू: तिचे हाल मी नाकारत नाही. पण नेपोलियनच्या फौजांनी कोबुर्ग बळकावलं तेव्हा १८०७ मध्ये नेपोलियन आणि रशियात झालेल्या तिल्सित तहात ते परत मिळालं रशियाच्या शब्दामुळे. ती सोयरीक नसती तर पुढचा इतिहासच घडला नसता.

सायली_क: म्हणजे मोडलेल्या संसारावर राज्य वाचलं. माझा मुद्दा तोच आहे.

जुनी_वही: धर्माचा मुद्दा राहतोय. इंग्लंडच्या १७०१ च्या कायद्याने कॅथलिक व्यक्तीशी लग्न करणाऱ्याला गादी बंद झाली. म्हणजे फ्रान्स, स्पेन, ऑस्ट्रिया बाद. त्यात वधू बरोबरीच्या कुळातली हवी. उरली ती मुख्यतः प्रोटेस्टंट जर्मन संस्थानं, आणि तिथे राजकन्यांना तोटा नव्हता. मेक्लेनबुर्ग-श्ट्रेलिट्झची शार्लोट १७६१ मध्ये लंडनला पोचली, राजा तिसऱ्या जॉर्जला पहिल्यांदा भेटली आणि त्याच रात्री लग्न लागलं! घराण्यांच्या हुशारीइतकाच हा नियमांचा रेटा होता.

वाटसरू: नियम सगळ्यांनाच होते, फायदा कोबुर्गने सर्वांत जास्त उठवला. शिवाय नात्यांमुळे दरबारांत बोलणी सोपी व्हायची.

सायली_क: बोलणी झाली, पण युद्धं कुठे थांबली? १८६६ मध्ये व्हिक्टोरिया राणीची थोरली लेक प्रशियाच्या युवराजाची बायको, दुसरी लेक ॲलिस हेसेच्या राजघराण्यात, आणि दोन्ही राज्यं एकमेकांविरुद्ध रणात. ॲलिसचा नवरा लढाईवर असताना तिला मुलगी झाली. नाव ठेवलं इरेन, ग्रीक भाषेत ‘शांती’. त्याच युद्धात राणीच्या सख्ख्या चुलतभावाचं हॅनोव्हरचं राज्य प्रशियाने गिळलं.

आता ॲलिसच्याच मुली १९१४ मध्ये कुठे होत्या ते बघा. इरेन जर्मन कैसरची भावजय, तिचा नवरा बाल्टिकमधल्या आरमाराचा प्रमुख. आलिक्स रशियाची सम्राज्ञी, एला तिथेच विधवा. थोरली व्हिक्टोरिया इंग्लंडात. तिचा नवरा लुई बॅटनबर्ग ब्रिटिश नौदलाचा प्रमुख, पण जन्माने जर्मन म्हणून ऑक्टोबरमध्ये त्याला पद सोडावं लागलं. जुलै १९१८ मध्ये आलिक्स आणि एला, दोघींना बोल्शेविकांनी मारलं.

जुनी_वही: याच व्हिक्टोरियाचा धाकटा मुलगा म्हणजे आपल्याकडचा शेवटचा व्हाइसरॉय माउंटबॅटन. १९१७ मध्ये बॅटनबर्गचं इंग्रजीकरण करून ते आडनाव घेतलं, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता.

वाटसरू: युद्ध थांबवायला सोयरीक अपुरी पडली, हे मान्य. पण कोबुर्गवाल्यांचा हेतू आपलं घराणं वाचवण्याचा होता, आणि बेल्जियमच्या गादीवर आजही लिओपोल्डचाच वंश आहे.

सायली_क: हो, आणि युलियानेला त्या घराण्यात मोजायला मी लावलं तेव्हा मोजलंत.