भयपटांच्या पोस्टरवरची बेशुद्ध बाई

उलटतपासणी :
हॉलिवूडच्या जुन्या भयपटांची पोस्टरं एकापाठोपाठ एक बघत बसलो आणि एक गोष्ट खुपायला लागली. राक्षस कुठलाही असो, त्याच्या हातांवर एक बेशुद्ध बाई. मान मागे टाकलेली, कपडे जेमतेम. माझ्या मते ही भीतीची जाहिरात नव्हेच, भीतीच्या नावाखाली बाईची जाहिरात आहे. 'फॉरबिडन प्लॅनेट' (१९५६) घ्या. खरं तर विज्ञानपट, पण पोस्टर त्याच साच्यातलं : रॉबी हा रोबो निपचित पडलेल्या बाईला उचलून नेतोय. सिनेमातला रॉबी बिचारा घरगडी! माणसाला इजाच करू शकत नाही, आणि कुठल्याही बाईला असा उचलतही नाही.

पडद्यामागे :
पोस्टरचं काम तिकिटं खपवणं. अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्समध्ये तर कित्येकदा आधी नाव आणि पोस्टर ठरायचं, मग त्यावर सिनेमा बेतायचा. यात स्त्रीद्वेष शोधणं म्हणजे साबणाच्या वेष्टनात तत्त्वज्ञान शोधणं. शिवाय 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून'मध्ये (१९५४) तो प्राणी नायिकेला खरोखरच उचलून नेतो. तिथे पोस्टर काय खोटं बोललं?

उलटतपासणी :
बरं झालं, तुम्हीच क्रीचर काढलंत. त्या प्राण्याचं रूप रेखाटलं मिलिसेंट पॅट्रिक या बाईनं. स्टुडिओ तिला प्रसिद्धीच्या दौऱ्यावर पाठवणार होता, 'राक्षस घडवणारी सुंदरी' म्हणून. मेकअप विभागाचे प्रमुख बड वेस्टमोर यांना ते सहन झालं नाही. मग 'घडवणारी'ची झाली 'राक्षसासोबत राहणारी सुंदरी'. पुढे वेस्टमोरनी तिला काम देणंच बंद केलं. श्रेय गेलं, सुंदरी तेवढी उरली. साबणाचं वेष्टन म्हणे!

रीळवेडी :
दोघंही बेशुद्ध बाईपाशीच अडकलात. 'द ममी'चं (१९३२) कारोली ग्रोस यांचं पोस्टर बघा. लाल पोशाखातली बाई ममीशेजारी चक्क उभी आहे, कुणी उचललेली नाही. आणि रेनल्ड ब्राउन यांचं 'अटॅक ऑफ द फिफ्टी फूट वुमन' (१९५८)? बाई महामार्गावर पाय रोवून उभी, हातात मोटार, खाली माणसं मुंग्यांसारखी पळताहेत. मी त्या पोस्टरवर भाळून सिनेमा बघितला नि फसले. महामार्गाचा तो प्रसंग सिनेमात नाहीच! तिथे ती बारचं छप्पर फाडून बाहेरख्याली नवऱ्याला उचलते. (उचलण्याची पाळी एकदाची बाईवर आली.)

पडद्यामागे :
म्हणजे माझाच मुद्दा झाला. पोस्टर थापा मारतं, पण दर वेळी बाईच्या विरोधात नाही.

उलटतपासणी :
पन्नास फूट वाढूनही कपडे मात्र तोकडेच राहिले.

रीळवेडी :
ते मान्य. तरी बेशुद्ध पडण्यापेक्षा गाड्या फेकणं बरं. लहानपणी मला हेच पोस्टर दिसलं असतं तर मी भिंतीवर लावलं असतं.

पडद्यामागे :
उलटतपासणी, एक सांगा. 'हॅलोविन'च्या (१९७८) मूळ पोस्टरवर बाईच नाही. भोपळा, सुरा आणि मूठ. ते चालेल ना?

उलटतपासणी :
चालेल. निदान तिथे विकायला ठेवली आहे ती भीती.

पडद्यामागे :
आणि आत सिनेमात सुरा चालतो तो कुणावर? मरणाऱ्यांत पोरीच जास्त. त्यांना पोस्टरवरून काढलं म्हणून त्या वाचल्या का?

उलटतपासणी :
नाही वाचल्या. यावर मला पटेल असं उत्तर सापडलं की येतो.