माणसं कमी झाली, मग कामं कोण करतंय? अमेरिकेतली सार्वजनिक जमीन आणि २०२५ची नोकरकपात

वाटाड्या

जुलैमध्ये आम्ही चौघं एका नॅशनल फॉरेस्टमध्ये तीन दिवसांच्या ट्रेकला गेलो होतो. नाव मुद्दाम देत नाही, तिथे उरलेल्या लोकांना त्रास नको. ट्रेलहेडवरचा संडास कुलूपबंद. तिसऱ्या मैलानंतर वाटेवर आडवी पडलेली झाडं. मी एकतीसपर्यंत मोजली आणि मग सोडून दिलं. प्रत्येक झाडाला वळसा घालून लोकांनी नव्या वाटा पाडल्यात, त्यातल्या दोन थेट ओल्या कुरणातून जातात. बर्फ वितळलं की त्या वाटांचे ओढे होणार.

ज्यांनी बातम्या पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात: १४ फेब्रुवारी २०२५च्या सुमारास नॅशनल पार्क सर्व्हिसमधले सुमारे १,००० आणि फॉरेस्ट सर्व्हिसमधले २,०००हून जास्त प्रोबेशनवरचे लोक एका झटक्यात काढले. प्रोबेशनवरचे म्हणजे सगळे नवशिके नव्हेत, नुकतीच बढती मिळालेले जुने लोकही त्यात होते. मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी त्यांना परत घ्यायला सांगितलं, एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या आदेशाला स्थगिती दिली. या ओढाताणीत कितीतरी जणांनी स्वेच्छेनं राजीनामे देऊन पगार घेऊन घरी बसणं पत्करलं. जुलैपर्यंत पार्क सर्व्हिसचे जवळजवळ एक चतुर्थांश कायम कर्मचारी कमी झाल्याचं नॅशनल पार्क्स कॉन्झर्वेशन असोसिएशननं सांगितलं.

त्यातच एप्रिलमध्ये गृहखात्याचा (इथलं गृहखातं म्हणजे जमिनी आणि वन्यजीव सांभाळणारं) आदेश निघाला, की पार्क उघडे आणि लोकांसाठी खुले राहिलेच पाहिजेत. मग उरलेली माणसं पुढच्या दारी उभी केली. योसेमिटीत शास्त्रज्ञांना संडास धुवायला लावल्याच्या बातम्या आल्या. संडास धुणं कमी दर्जाचं काम आहे असं मी म्हणत नाही, पण त्या दिवशी ओढ्याचं पाणी कुणी तपासलं नाही. पर्यटकाला सगळं ठीक दिसतं, आणि म्हणूनच मला ही कपात जास्त धोक्याची वाटते. तुमचं काय मत?

हिशोबनीस

वाटाड्या, तुमचा अनुभव खोटा नाही, पण निष्कर्ष घाईचा आहे. संघीय कर्ज ३६ ट्रिलियन डॉलरच्या वर गेलंय. प्रत्येक खातं म्हणतं आमच्याकडे हात लावू नका.

दुसरं, पडलेली झाडं २०२५च्या आधी नव्हती का? पार्क सर्व्हिसच्या रखडलेल्या दुरुस्तीचा आकडा २३ अब्ज डॉलरच्या आसपास आहे आणि तो माणसं असतानाच साठलाय. २०२० साली खास कायदा करून पार्क सर्व्हिसला वर्षाला १.३ अब्जांपर्यंत असे पाच वर्षांसाठी पैसे दिले, तरी आकडा फारसा खाली आला नाही. २०२४मध्ये विक्रमी ३३ कोटी भेटी झाल्या. २०२५मध्येही उन्हाळा पार पडला. कुठलं पार्क कोसळलं ते दाखवा.

तिसरं, हरीण, एल्क, टर्की हे मुळात राज्यांचे वन्यजीव विभाग सांभाळतात. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचे पैसे राज्यांना जातात, आणि या व्यवस्थेनं हरणं आणि टर्की दोन्ही परत आणली. वॉशिंग्टनहून चालणारा कारभार कमी झाला तर मला त्यात काही वावगं दिसत नाही. काढायची पद्धत वाईट होती, एवढं मान्य. कामगिरी समाधानकारक नाही असं खोटंच कारण लिहून कुणालाही घरी पाठवू नये.

तळ्याकाठी

"कुठलं पार्क कोसळलं ते दाखवा" याला उत्तर देतो, पण पार्कातलं नाही. मी ग्रेट लेक्स या पाच मोठ्या तळ्यांपैकी लेक मिशिगनच्या काठी राहतो आणि बारा वर्षं मासेमारी करतोय.

सी लॅम्प्रे नावाचा वामेसारखा लांबट मासा आहे. त्याला जबडा नसतो, गोल तोंडात दातांची चक्रं असतात. लेक ट्राऊटच्या कुशीला तो जळूसारखा डसतो आणि रक्त पितो. एक लॅम्प्रे आपल्या दीड-एक वर्षाच्या तळ्यातल्या आयुष्यात १८ किलोपर्यंत मासे मारतो. ओंटारिओ आणि ईरी तळ्यांना जोडणारा वेलंड कालवा सुधारल्यावर तो वरच्या तळ्यांत शिरला आणि १९३०च्या दशकाअखेर पाचही तळ्यांत पोचला. अमेरिका आणि कॅनडा मिळून वर्षाला दीड कोटी पौंड लेक ट्राऊट पकडत होते, ते १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तीन लाख पौंडांवर आले.

त्यावर उपाय सापडला तो सहा हजारांच्या आसपास रसायनं तपासून. टीएफएम नावाचं औषध १९५८पासून नद्यांमध्ये सोडतात, त्यानं लॅम्प्रेची पिल्लं मरतात आणि बाकी मासे बहुतेक वाचतात. हे "बहुतेक" सांभाळणं हेच खरं काम. मी एकदा रात्री एका नदीवर ते काम पाहिलंय. पंपाजवळ एक बाई डोक्याला दिवा बांधून बसल्या होत्या. ठराविक वेळानं पाण्याचा नमुना घ्यायच्या, औषधाचं प्रमाण आणि पाण्याची आम्लता वहीत लिहायच्या आणि वायरलेसवर वरच्या टोळीला सांगायच्या. आम्लता बदलली की औषधाचा जोर बदलतो. जास्त झालं तर ट्राऊट मरतात, कमी झालं तर लॅम्प्रे वाचतात. असं सलग बारा तास चालतं. हे काम करतात फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसचे लोक, ज्यांच्यातल्या डझनभरांना फेब्रुवारी २०२५मध्ये काढलं आणि हंगामी भरतीही थांबवली.

आता हिशोबनीस, तुमच्या प्रश्नाकडे येतो. लॅम्प्रेची पिल्लं तीन ते सात वर्षं नदीच्या चिखलात आंधळी पडून असतात. या वर्षी औषध चुकलं तर या वर्षी कुणालाच काही दिसणार नाही. कोविडमुळे २०२० आणि २०२१मध्ये औषधाचं काम खूप कमी झालं होतं. त्याचे लॅम्प्रे पुढच्या वर्षांत तळ्यात आले, तेव्हा कोविड संपला होता. त्या हंगामात मी पकडलेल्या माशांच्या अंगावर गोल जखमा परत दिसायला लागल्या. मधली काही वर्षं त्या मला क्वचितच दिसल्या होत्या.

हिशोबनीस

माहिती उत्तम, आणि मनापासून सांगतो, यातलं बरंच मला ठाऊक नव्हतं. पण गोष्ट पूर्ण सांगा ना. त्या लोकांना काही आठवड्यांतच परत बोलावलं. म्हणजे चूक झाली, लोकांनी आवाज उठवला, चूक दुरुस्त झाली.

तळ्याकाठी

बोलावलं, खरंय. कारण पाच तळ्यांची मासेमारी वर्षाला ५ अब्ज डॉलरहून जास्त किमतीची आहे, असं ग्रेट लेक्स फिशरी कमिशनच सांगतं. दोन्ही पक्षांचे खासदार त्या बोटींवर जातात. ज्याच्या मागे ५ अब्ज डॉलर नाहीत, त्याच्यासाठी फोन कोण करणार?

काळ्या पायांच्या फेरेटचं उदाहरण घ्या. मुंगसाएवढा प्राणी. तो नामशेष झाला असंच सगळे धरून चालले होते, तर १९८१मध्ये वायोमिंगमधल्या मीटीत्सीजवळ एका कुत्र्यानं मेलेला फेरेट घरी आणला. १९८७पर्यंत सगळे मिळून १८ उरले होते, ते पकडून पिंजऱ्यात वाढवले. आज जिवंत असलेले जवळजवळ सगळे त्यातल्या सातांचे वंशज. प्रेअरी डॉगच्या (ही माळावर बिळं करून राहणारी एक खार) बिळांत ते राहतात आणि प्लेग आला की प्रेअरी डॉग आणि फेरेट दोन्ही जातात. म्हणून बिळाबिळात पिसवांची पावडर मारायची, लस द्यायची, रात्रभर सर्चलाइट घेऊन माळावर हिरवे चमकणारे डोळे शोधायचे. कोलोरॅडोतल्या त्यांच्या प्रजनन केंद्रातले लोकही त्याच फेब्रुवारीत काढले गेले. प्लेगला एक उन्हाळा पुरतो.

रानवाटा

झाडांबद्दल मी लिहिते, कारण तो माझा शनिवारचा उद्योग आहे. १९६४च्या विल्डरनेस कायद्यानुसार राखीव रानात यंत्राची करवत चालत नाही. तिथे अजूनही दोन मुठींची, दोघांनी ओढायची लांब करवत वापरतात. उतारावर आडवा पडलेला ओंडका वरून दिसतो तसा नसतो. कुठे तो ताणलेला असतो, कुठे दाबात असतो. चुकीच्या बाजूनं कापायला घेतलात तर करवत अडकते, किंवा ओंडका सुटून तुमच्या पायावर येतो. मला हे शिकवलं ते एका रेंजरनं. पाचर कधी मारायची हे ती कापाच्या आवाजावरून सांगायची. "आता ऐक, आवाज घट्ट झाला, थांब." मला तो आवाज ओळखता यायला दोन हंगाम लागले.

ती वसंतात गेली. स्वतःहून गेली म्हणतात कागदावर.

हिशोबनीस

रानवाटा, मग हेच तर मी म्हणतोय. स्वयंसेवक आहेत, शिकलेले आहेत, त्यांना काम करू द्या. २०१४च्या शेती कायद्यातली गुड नेबर अथॉरिटी वापरून राज्यंही संघीय जंगलात काम करू शकतात आणि करतातही. सगळ्याला पगारी कायम नोकर कशाला?

रानवाटा

करू द्या कोण म्हणणार, हाच प्रश्न आहे. फॉरेस्ट सर्व्हिसच्या जंगलात करवत चालवायला प्रमाणपत्र लागतं आणि ते मुदतीचं असतं. आमच्या गटातल्या सहा जणांची मुदत मे महिन्यात संपली. तपासायला माणूस नाही म्हणून त्या उन्हाळ्यात आम्ही फक्त फांद्या छाटल्या. वीस जणांच्या पन्नास वीकेंडमागे एक पगारी माणूस असतो. तो करार करतो, विम्याचे कागद बघतो, कुठल्या वाटेवर आधी जायचं ते ठरवतो. तो गेला की वीस जण घरी बसतात. माझा राग राज्यांवर नाही की वॉशिंग्टनवरही नाही, त्या एका रिकाम्या खुर्चीवर आहे.

जुनी हंगामी

सहा वर्षं हंगामी काम केलंय, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं बोलते. २०२५च्या आधी सगळं छान होतं असं कृपया लिहू नका. मी दर ऑक्टोबरला बेरोजगार व्हायचे, आरोग्यविमा जायचा, आणि वसंतात त्याच जागेसाठी परत अर्ज. शेवटच्या वर्षी राहायची खोली न मिळाल्यानं मी तीन आठवडे गाडीत झोपले. कुठे ते सांगत नाही. आमच्या जिल्ह्यात कागद हलवणारे चार आणि वाटेवर दोन असं प्रमाण होतं. तेव्हा हिशोबनीस म्हणतात त्यातलं थोडं खरं आहे, वरची कार्यालयं फुगली होती.

पण कपात झाली ती वरून झाली का? प्रोबेशनवर कोण असतं? नुकतेच कायम झालेले, म्हणजे माझ्यासारखे, वर्षानुवर्षं हंगामी राबून एकदाची कायमची नोकरी मिळालेले. ज्यांना काढणं कायद्यानं सोपं, त्यांना काढलं. कोणाची गरज आहे हे बघितलंच नाही. योसेमिटीतला एकुलता एक कुलूप-किल्ल्या सांभाळणारा माणूस त्यात गेला. काटकसर करायला बसलेला कुणीही शहाणा माणूस त्या नावावर काट मारणार नाही.

धुरकट

आणि आगीचं काय? ग्रँड कॅन्यनच्या उत्तर काठावरचं लॉज जुलैमध्ये जळून खाक झालं, ते या कपातीमुळेच.

जुनी हंगामी

धुरकट, असं सरळ जोडू नका. ड्रॅगन ब्राव्हो आग ४ जुलैला विजेनं लागली. ती लगेच विझवायची नाही, हद्दीत रोखायची, असं सुरुवातीला ठरवलं होतं. मग वारा फिरला. तो निर्णयाचा वाद आहे. कपातीतून आगीवर थेट काम करणारे वगळले होते. गडबड दुसरीकडे आहे: फॉरेस्ट सर्व्हिसमधून काढलेल्या वाटेवरच्या आणि जीवशास्त्राच्या लोकांपैकी अनेकांकडे रेड कार्ड, म्हणजे आगीवर काम करायची पात्रता, होतं. आग मोठी झाली की हेच लोक आग अडवणारी रेषा खणायला, सामान पोचवायला जातात. ती राखीव फळी पातळ झाली. एवढंच म्हणा, तेवढं पुरेसं गंभीर आहे.

वाटाड्या

चूक दुरुस्त केल्याबद्दल आभार. अशानंच धागा उपयोगी होतो.

हिशोबनीस, माणसं लावल्यानं काय होतं याचं एक उदाहरण देतो. १९९८मध्ये योसेमिटीत अस्वलांच्या १,५००हून जास्त घटना झाल्या. अस्वलं गाडीची दारं वाकवून आतलं खाणं काढायची, आणि चटावलेल्या कितीतरी अस्वलांना शेवटी मारावं लागायचं. मग खास पैसे मिळाले. लोखंडी पेट्या बसवल्या, रात्री वाहनतळांवर फिरायला लोक ठेवले. त्यांचं काम एवढंच, की कुणाच्या गाडीत खाऊचं पाकीट दिसलं तर त्याला तंबूतून उठवायचं. घटना नव्वद टक्क्यांहून जास्त घटल्या. पेट्या आजही आहेत. पण पेटी कुणाला झोपेतून उठवत नाही. तुमच्या हातात कात्री दिली तर तुम्ही काय कापाल, ते तरी सांगा.

हिशोबनीस

रास्त प्रश्न. मी प्रादेशिक कार्यालयं एकत्र करीन. एकाच खोऱ्यात फॉरेस्ट सर्व्हिस, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट आणि पार्क सर्व्हिस यांच्या तीन वेगळ्या गाड्या, तीन वेगळे भरती विभाग असतात, ते एक करीन. नेव्हाडाची ऐंशी टक्के जमीन संघीय आहे, तिथे चराईचे परवाने आणि रस्ते राज्याकडे देऊन पाहीन. जमीन विकायला मात्र माझा विरोध आहे. जून २०२५मध्ये सिनेटमध्ये आलेला विक्रीचा प्रस्ताव मागे घेतला गेला, ते योग्यच झालं. आणि हो, लॅम्प्रेच्या टोळीला हात लावणार नाही. फेरेटचं काम मी राज्याकडे देईन, पण पैशासकट. पैसे न देता दिलं तर ते काम मरेल, हे मान्य.

पण पैसे उभे करायचे तर शुल्क वाढवा. १ जानेवारी २०२६पासून ११ लोकप्रिय पार्कांत परदेशी पाहुण्यांना १०० डॉलर जास्त द्यावे लागतात, तो मला योग्य मार्ग वाटतो.

रानवाटा

शुल्काला माझीही ना नाही. २००४च्या कायद्यानं साधारणपणे किमान ८० टक्के रक्कम त्याच पार्कात राहते. फक्त एवढं सांगा, गाडीत कोण परदेशी आणि कोण इथलं हे पाहायला प्रत्येक खिडकीपाशी ओळखपत्र तपासावं लागणार. गेल्या उन्हाळ्यात मी गेले त्या फाटकावर चारपैकी एकच खिडकी उघडी होती, आणि दुपारी एक वाजता तीही बंद करून तो मुलगा एका हरवलेल्या म्हाताऱ्याला शोधायला गेला. आम्ही सगळे फुकट आत गेलो. मी माझ्या मागच्या गाड्या मोजल्या, साठ होत्या.

तळ्याकाठी

हिशोबनीस, टोळीला हात लावणार नाही म्हणालात, बरं वाटलं. एक विनंती. त्या रात्री नदीवर बसलेल्या बाईंची वही कुणाकडे जाणार, तेही तुमच्या योजनेत असू द्या. कुठल्या वळणावर पाणी थांबतं, कुठल्या ओढ्याची आम्लता पहाटे बदलते, हे त्यांनी एकोणीस वर्षं पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होतायत, आणि त्यांच्या हाताखाली शिकणारा मुलगा परत बोलावल्यावर आलाच नाही. त्याला तोवर दुसरीकडे नोकरी लागली होती.