मदत हवी आहे: कुलूपबंद घरं सर्वेक्षणात कशी धरायची?

नमस्कार. मी एम.ए. समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लघुप्रबंधाचा विषय हंगामी स्थलांतर. गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं, सिंदेवाहीकडचं, धानाचं. धान घरात आलं की लोक तेलंगणात खम्ममकडे मिरची तोडायला जातात, ते मार्च-एप्रिलमध्ये परततात. माझं फील्डवर्क नेमकं फेब्रुवारीत आलं.

मतदार यादीवरून घरं निवडली, तर दर तिसऱ्या-चौथ्या दाराला कुलूप. सरांच्या सल्ल्याने अशा ठिकाणी शेजारचं घर घेतलं. आता भरलेल्या प्रश्नावल्या बघितल्या तर या गावातून जवळजवळ कोणी बाहेर जातच नाही! शेजारचं दार उघडं होतं, कारण तिथली माणसं गेलेलीच नव्हती.

दुसरी अडचण शब्दाची. "घरातून कोणी स्थलांतर केलंय का?" या प्रश्नाला एका आजीने ठाम "नाही" सांगितलं. जवळ दोन नातवंडं खेळत होती. निघताना सहज विचारलं, यांची आई कुठे? "मिरची तोडाले गेली ना वो बाई." गाव सोडणं वेगळं आणि मिरचीला जाणं वेगळं, असं तिचं साधं म्हणणं. काही घरांत भीतीही जाणवली, की बाहेर गेल्याचं कागदावर आलं तर रेशनकार्डावरचं नाव कटेल, घरकुल हातचं जाईल.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ६४व्या फेरीत (२००७-०८) मागच्या ३६५ दिवसांत कामासाठी एक ते सहा महिने गावाबाहेर राहिलेल्यांना अल्पकालीन स्थलांतरित धरलं होतं. त्या धर्तीवर "मागच्या वर्षभरात कामासाठी किती दिवस बाहेर होता?" एवढंच विचारलं तर चालेल का? जनगणनेच्या आकड्यांशी ताडून बघायला मन धजत नाही, कारण २०११ची मोजणीही ९ ते २८ फेब्रुवारी, म्हणजे ऐन मिरचीच्या दिवसांत झाली होती.

कुलूपबंद घरातल्या माणसांबद्दल शेजाऱ्यांना विचारणं मला खटकतं. त्यांची संमती कुठे आहे? त्याऐवजी, मुलंही सोबत गेली असतील तर हजेरी घटलेली दिसेल म्हणून, शाळेकडून नावं न घेता नुसती महिन्यागणिक हजेरी मागितली तर ते योग्य ठरेल का? झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानाच्या भागात, काम केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.

आजी म्हणाली, "पाडव्यापर्यंत येतीन, मंग ये." मी जाणारच आहे. पण फेब्रुवारीतल्या प्रश्नावल्या तशाच ठेवून नव्या जोडू, की निवड पुन्हा पहिल्यापासून करू?