आजीची काळी पायमशीन, सुती कापड शिवताना खाली दोऱ्याचा गुंता होतोय

मशीन माळ्यावरून काढलीय, चाक फिरतंय पण जड, वरून टाका छान दिसतो आणि खालून नुसते लूप. विकायची अजिबात इच्छा नाहीये, बाळाची झबली शिवायचीत. काय करू?

शिवणवेडी:
ताई खालून लूप म्हणजे दोष बहुतेक वरच्या दोऱ्याचा. प्रेशर फूट (सुईजवळ कापड दाबून धरणारा पाय) वर उचलून दोरा परत ओवा, फूट खाली असलं की दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्या घट्ट मिटलेल्या असतात आणि दोरा आत बसतच नाही. सुईची लांब खाच ज्या बाजूला त्याच बाजूनं ओवायचा. आणि सुई नवीनच घाला, मलमलला ११ नंबर, साध्या सुतीला १४, जीन्सला १६.

जुनंतेसोनं:
जड चालतेय तर आतलं तेल गोठलं असणार. प्रत्येक भोकात रॉकेलचे दोन थेंब, दोरा न लावता जरा चालवा, काळा मळ बाहेर येईल तो पुसा आणि मग मशीनचंच तेल. खोबरेल नको हो प्लीज, ते चिकट होऊन बसतं! कापड पुढे सरकवणाऱ्या दातांवरची पट्टी उघडून कापसाचा भुगा ब्रशने काढा, तिथे इतका साठतो की कापड पुढेच सरकत नाही. चाकाचा पट्टा सैल असेल तर अर्धा इंच कापून हूक परत लावा.

शिवणवेडी:
हो, आणि आधी चिंधीवर शिवून बघा, झबलं नंतर.