पॉइन्सेटिया: रोपांची छाननी करण्याची घाई नको

पॉइन्सेटिया या नाताळात कुंडीत दिसणाऱ्या शोभेच्या झाडाचा नवा वाण काढताना संकरातून उगवलेली जी रोपे सरळसोट आणि कमी फांद्यांची निघतील ती पहिल्याच हंगामात काढून टाकावीत, असे एका सदस्यांनी सुचवले आहे. पॉइन्सेटियाच्या बाबतीत ही घाई मला चुकीची वाटते. कुंडीतल्या व्यापारी वाणांचा भरगच्चपणा बराचसा फायटोप्लाझ्मा या सूक्ष्मजीवामुळे येतो, हे १९९७ साली अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले. तो बियांतून उतरत नाही; त्यामुळे बियांचे रोप किडकिडीतच वाढणार. त्याचे भरगच्च वाणाशी कलम बांधले की फायटोप्लाझ्मा रोपात पोहोचतो आणि पुढे छाट कलमांतून टिकून राहतो. फांद्यांवरून निवड करायची ती त्यानंतर.

निवडलेल्या नव्या वाणाच्या वर्णनात नुसते ‘गडद लाल’ लिहून भागत नाही (आणि तो रंग पाकळ्यांचा नसून छदांचा, म्हणजे फुलांभोवतीच्या रंगीत पानांचा असतो, हेही अनेकदा विसरले जाते). कोवळ्या आणि पूर्ण वाढलेल्या छदांच्या दोन्ही बाजूंचे रंग रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या रंगतक्त्यातील क्रमांकांसह द्यावेत, रात्री मोठ्या झाल्यापासून रंग भरायला किती आठवडे लागले ते नोंदवावे, आणि मूळ वाण त्याच हरितगृहात शेजारी वाढवूनच तुलना करावी, कारण तापमान बदलले की छटाही बदलते.